फ्रीमाँटच्या बाथरूमच्या कामाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

काम बरं झालं असं रिव्ह्यूमध्ये लिहूनही तुम्ही एकच स्टार दिलात. कारण दोन: टाइलवाल्याची नोटीस घरी आली, आणि शेवटचा चेक घेताना मी "अटींचा कागद पुढे करून फसवायला बघितलं".

नोटिशीबद्दल माफी मागतो. माल टाकल्यापासून २० दिवसांत दुकानदार अशी नोटीस धाडतो, पुढेमागे पैसे बुडाले तर हक्क राहावा म्हणून. घरावर लीन, म्हणजे न मिळालेल्या पैशांसाठी कायदेशीर बोजा, लागला असा तिचा अर्थ नसतो. पण हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या दुकानदाराचा अनकंडिशनल कागदही (पैसे मिळाले, लीनचा हक्क बिनशर्त सोडला, असं लिहून देणारा) मी ९ दिवस उशिरा आणून दिला. ही चूकही माझीच.

पण 'फसवणूक' हा शब्द फार लागला, ताई. अकरा वर्षं या भागात काम करतोय, बहुतेक कामं आपल्याच लोकांच्या ओळखीतून येतात. हे वाचून उद्या कोण फोन करेल?

त्या शुक्रवारी संध्याकाळी ६,४०० डॉलरचा चेक ओट्यावर होता आणि त्यावर तुमचा हात. आधी अनकंडिशनलवर सही करा, मगच चेक, असं तुम्ही म्हणालात. बाहेर गाडीत माझी दोन माणसं आठवड्याच्या पगारासाठी थांबली होती. तुम्ही छापून आणलेल्या त्याच कागदावर वरच लिहिलंय की सही केली की पैसे मिळाले नसले तरी तो सही करणाऱ्यावर बंधनकारक राहतो, आणि पैसे मिळाले नसतील तर कंडिशनल, म्हणजे पैसे मिळाले तरच हक्क सोडणारा कागद, वापरा. हे शब्द माझे नाहीत, कॅलिफोर्निया राज्याचे आहेत. आत्ताचे चार नमुने २०१२ पासून सिव्हिल कोडमध्ये ठरलेले आहेत, दोन नमुने मधल्या हप्त्यांसाठी आणि दोन शेवटच्या रकमेसाठी. मनाने मजकूर लिहून चालत नाही. शेवटचा चेक वटेपर्यंत कलम ८१३६चा कंडिशनल, वटल्यावर ८१३८चा अनकंडिशनल. मी ८१३६चा, म्हणजे तुम्ही म्हणता तो अटींचा कागद, भरून आणला होता, तुमच्या चेकची रक्कम घालून. चेक वटला की माझा हक्क त्याच कागदाने संपत होता. यात तुमचं काय जात होतं, सांगा.

नोटरीचा शिक्का नाही म्हणून कागद खोटा, असंही तुम्ही लिहिलंत. टेक्सासमध्ये २०२२च्या आधीच्या करारांसाठी अशा कागदांना नोटरी लागायची, तुमचा अनुभव तिथला आहे. इथल्या नमुन्यात नोटरीला जागाच नाही.

आणि एक. सुरुवातीला मी तुमच्याकडून १,००० डॉलरच घेतले होते, कायद्याने त्याहून जास्त उचल घेताच येत नाही. टाइल, नळ, प्लंबरची मजुरी, बरंचसं आधी माझ्या खिशातून गेलं. एवढं घातल्यावर चेक वटायच्या आत हक्क कसा सोडू?

बुधवारी सकाळी बँकेत पैसे दिसले. त्याच दुपारी साडेबाराला ८१३८चा सही केलेला कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही घेतलात, काही बोलला नाहीत. मला वाटलं, मिटलं.

यापुढे कागदांचं आधी समजावून सांगू, त्याची काहीतरी व्यवस्था लावतो. शॉवरच्या कोपऱ्यातलं ग्राउट (टाइलांच्या फटीतला मसाला) सुटलंय असंही तुम्ही लिहिलंय. शनिवारी सकाळी स्वतः येऊन भरून देतो. त्याचे पैसे नकोत.