भरल्या घरात लक्षात कोण ठेवतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत घर माणसांनी भरलं की मला मनापासून आनंद होतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मला माणसांचा त्रास होतो. यंदाही आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, नणंद आणि तिची मुलगी, शिवाय आम्ही चौघं, अशी बारा माणसं आठवडाभर एकत्र होतो. पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मोठ्यांच्या गप्पा संपता संपत नव्हत्या. मला हे दरवर्षी हवंय. पण असा आठवडा घरातल्या एकाच बाईच्या जिवावर चालायला नको, हे माझं ठाम मत आहे आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

भरल्या घरात काम दिसतं. घासलेली भांडी दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. दूध संध्याकाळपर्यंत पुरेल का, बाबांची रात्रीची गोळी झाली का, धाकट्याचं खोकल्याचं औषध कुठल्या बॅगेत आहे, गादीवर टाकलेला ओला टॉवेल कोणाचा, उद्या लवकर निघायचंय तर पोरांना आज किती वाजता झोपवायचं, हे मात्र कुणालाच दिसत नाही. ते एकाच डोक्यात सतत चालू असतं. हात-पाय दुखले तर रात्रीच्या झोपेने उतरतं, पण हे डोक्यातलं चक्र झोपेतही थांबत नाही. अशा वेळी कुणीतरी प्रेमाने विचारतं, "वहिनी, मी काय करू सांगा ना." विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण सांगणारीला हातातलं काम थांबवायचं, काय उरलंय ते आठवायचं, त्यातलं कोणतं याला जमेल ते ठरवायचं, भांडं कुठे आहे ते दाखवायचं आणि झालं की नाही तेही बघायचं. तेवढ्या वेळात काम स्वतःच उरकतं, म्हणून ती म्हणते, "असू दे, बसा तुम्ही." आणि सगळे बसतात.

माणसं जास्त म्हणजे कामाला हात जास्त, हा हिशेब घरात बसत नाही आणि याचा अभ्यासही झालेला आहे. मॅक्स रिंगेलमन हे फ्रान्समधले कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला आणि ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो गटात लावत नाही. आठ जण मिळून ओढायला लागले तेव्हा दर माणशी जोर निम्म्यावर आला होता. थोडा जोर एकमेकांचा मेळ न बसल्याने वाया जातो आणि थोडा 'बाकीचे ओढताहेतच की' या भावनेमुळे लागतच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून प्रयोग केले, तेव्हाही हेच दिसलं. कुणाचा वाटा कोणता हे वेगळं कळत असलं, की मात्र माणसं पुन्हा जोर लावतात. बारा माणसांच्या घरात सिंकमध्ये भांडी साचतात ती कुणी आळशी आहे म्हणून साचत नाहीत. ती कुणाचीच नसतात, म्हणून साचतात.

म्हणून यंदा सगळे यायच्या आधीच फोनवर बोलून आम्ही कामं वाटून घेतली. वाटली ती अख्खी वाटली, म्हणजे करायचं काम आणि त्याची आठवण ठेवायची जबाबदारी, दोन्ही त्याच माणसाकडे. दिरांकडे नाश्ता आला. काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, करणं आणि ओटा पुसून मोकळा करणं, सगळं त्यांचं. नवऱ्याकडे दोन्ही बाथरूम. कपडे धुण्याचं मी घेतलं आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या बाबांकडे गेल्या. खुर्चीत बसून, मांडीवर एकेक कपडा सपाट करून ते अशा घड्या घालत की बारा जणांचे बारा ढीग कडेला कड लावून उभे राहत. आपला ढीग उचलला नाही तर नावाने हाक यायची.

सगळ्यात मोठा बदल मला पुतण्यात दिसला. चौदा वर्षांचा मुलगा, त्याच्याकडे पिण्याच्या थंड पाण्याचं खातं दिलं. पहिल्या दिवशी दुपारी पाणी संपलं आणि सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं. मी मध्ये पडले नाही. त्या रात्री त्याने स्वतःच सगळ्या बाटल्या गोळा केल्या, प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचं रबर अडकवलं, भरून फ्रिजच्या दारात ओळीने लावल्या आणि भरलेली डावीकडे, अर्धी उजवीकडे असा नियम काढला. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने रिकामी बाटली तशीच परत ठेवली, तर हा म्हणतो, "काका, ती भरा आधी." मोठा माणूस मुकाट्याने उठला आणि भरून आला. ज्या मुलाला घरी टॉवेल जागेवर ठेव म्हणून रोज सांगावं लागतं, त्याला रिकाम्या बाटल्या आपोआप दिसायला लागल्या, कारण त्या आता त्याच्या होत्या.

आठ वर्षांच्या भाचीला आजीचं पाणी दिलं होतं. हे काम दिसायला लहान, पण महत्त्वाचं आहे. वय वाढलं की तहान कमी जाणवते. शरीराला पाणी हवं असतं आणि माणूस मात्र खरंच सांगतो, मला नकोय. म्हणून उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना विचारत बसू नये, ग्लास हातात द्यावा. (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांची गोष्ट वेगळी.) ती पोरगी तासातासाने ग्लास घेऊन उभी राहायची आणि आजीने संपवला की कागदावर फूल काढायची. अर्थात उन्हाचा त्रास ओळखायचं काम मुलांवर सोडायचं नसतं. ताप चढून शरीर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहायचं. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलंच पाहिजे.

उरलेलं अन्न नणंदेने सांभाळलं. भरल्या घरात पातेली मोठी असतात आणि जेवणं दोन-तीन पंगतींत होतात, म्हणून अन्न तासन्‌तास बाहेर राहतं. शिजवलेलं अन्न २ तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि हवा ३२ अंशांच्या वर तापली असेल तर १ तासाच्या आत. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर त्याचा मध्य बराच वेळ कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. तिने सगळं उथळ डब्यांत काढून ठेवायची शिस्त लावली. आठवडाभर कुणाचंही पोट बिघडलं नाही.

भांडणं झाली, व्हायचीच. बारा माणसांत दोघादोघांच्या ६६ जोड्या होतात, त्यातली एखादी रोज बिनसणार. पण मुलांची बरीच भांडणं न झालेल्या झोपेतून येतात, असं माझं निरीक्षण आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सुट्टी आहे म्हणून रोज मध्यरात्रीपर्यंत जागवलं, की तीन दिवसांनी क्षुल्लक कारणावरून रडारड सुरू. जाऊबाईंनी झोपेची वेळ ठरवली आणि कुणालाही, अगदी आजोबांनाही, ती मोडू दिली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "चार दिवस माहेरी आलेल्या लेकीला कामाला लावतेस?" असं त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा मी मनावर घेतला, कारण त्यांनी आयुष्यभर असे उन्हाळे एकटीने पेलले आहेत. पण ती लेक पूर्वी आली तरी स्वयंपाकघरातच असायची, फक्त तिला कुठून कुठपर्यंत करायचं ते ठाऊक नसायचं. यंदा तिचं काम संपलं की ती खरंच मोकळी होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकामाचा आणि माणसं सांभाळण्याचा ७६.२ टक्के वेळ बायका देतात. हा आकडा घराघरातल्या सुट्ट्यांमधूनही तयार होतो. तो बदलायचा असेल तर घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना अख्खी कामं द्यावी लागतील आणि दिल्यावर हात आखडता घ्यावा लागेल. दिरांचा नाश्ता एकदा साडेदहाला झाला. झाला तर झाला.

एक गोष्ट पुढच्या वेळी अजून पक्की करायची आहे, निघण्याचा दिवस. सगळे एकदम निघतात आणि मागे चादरी, उश्यांचे अभ्रे, टॉवेल यांचा डोंगर राहतो. जो ज्या गादीवर झोपला त्याने तिची चादर काढून, उलटी असेल तर सुलटी करून मशीनजवळ ठेवायची आणि पहिला घाणा लावूनच बॅगा दाराबाहेर न्यायच्या, असं मी ठरवलंय. पुतण्याने हेही खातं मागितलंय.