प्रवाह-नकाशातील गाळलेल्या आणि वाकवलेल्या रेषांविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून करून घेतलेल्या मालवाहतुकीच्या प्रवाह-नकाशाला (कोठून कोठे किती माल जातो हे रेषांच्या जाडीने दाखवणाऱ्या नकाशाला) आपण दोन तारे दिले आहेत आणि चार आक्षेप नोंदवले आहेत. ४० ठिकाणांची संपूर्ण आकडेवारी देऊनही बहुतेक रेषा नकाशात नाहीत. ज्या आहेत त्या रस्त्यांना धरून न जाता कमानीसारख्या वाकलेल्या आहेत. जाणाऱ्या आणि येणाऱ्या मालासाठी वेगवेगळे बाण काढून विनाकारण गर्दी केली आहे. आणि हेच काम मोफत साधन पाच मिनिटांत करते, असे आपले म्हणणे आहे. आपली आकडेवारी ही आपल्या व्यवसायाची खासगी बाब असल्यामुळे तिच्यातील एकही आकडा येथे उघड करणे उचित नाही. त्यामुळे खाली वाहतुकीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत.

पहिला आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. ४० ठिकाणांपैकी प्रत्येकाहून उरलेल्या ३९ ठिकाणी माल जाऊ शकतो, म्हणजे दिशा लक्षात घेता १५६० जोड्या होतात. समजा, सर्वांत मोठा प्रवाह ६००० टनांचा आहे आणि त्यासाठी १२ मिलिमीटर जाडीची रेषा काढली, तर त्याच प्रमाणात ५० टनांच्या प्रवाहाची रेषा ०.१ मिलिमीटरची होते आणि छापील भित्तिपत्रकावर ती थोड्या अंतरावरून नीट दिसत नाही. ती दिसावी म्हणून तिला अर्धा मिलिमीटर जाडी दिली, तर सूचीतील (किती जाडी म्हणजे किती टन हे सांगणाऱ्या चौकटीतील) प्रमाणाप्रमाणे वाचणारा तिला २५० टन समजेल. प्रमाण सर्वत्र कायम ठेवून तिला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत न्यायचे, तर ६००० टनांची रेषा ६० मिलिमीटरची होऊन आजूबाजूची पाच-सहा ठिकाणे तिच्याखाली जातील. यातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे एक किमान मर्यादा ठरवणे, तिच्याखालील रेषा न काढणे आणि तसे नकाशावरच लिहिणे. आपल्या नकाशात सूचीच्या खाली ही मर्यादा आणि तिच्यामुळे वगळलेल्या मालाचा एकूण वाटा, दोन्ही छापलेले आहेत. शिवाय प्रत्येक ठिकाणाच्या वर्तुळाचा आकार तेथून निघालेल्या आणि तेथे आलेल्या सर्व मालावरून ठरवला आहे व त्यात रेषा न काढलेला मालही धरला आहे. त्यामुळे एखादे ठिकाण फक्त लहान-लहान खेपांवर चालत असेल, तर रेषा नसूनही त्याचे वर्तुळ मोठे दिसते. अशा ठिकाणांकडे आपण एकदा मुद्दाम पाहावे, अशी विनंती आहे.

रस्त्यांविषयी आमची भूमिका ठाम आहे. आपण दिलेल्या तक्त्यात माल कोठून निघाला, कोठे पोहोचला आणि किती होता, एवढे तीनच रकाने होते. तो कोणत्या मार्गाने गेला याची नोंद नव्हती. अशा वेळी रेषा एखाद्या महामार्गावरून नेली असती, तर नकाशा अधिक खरा वाटला असता आणि नेमका त्याच बाबतीत खोटा ठरला असता, कारण त्या महामार्गावर अमुक इतकी वाहतूक होते असा दावा त्यातून आपोआप झाला असता. मार्गाची नोंद असेल तेव्हा तसा नकाशा जरूर करता येतो, मात्र तो वेगळ्या आकडेवारीचा वेगळा नकाशा असतो. रेषा वाकवण्याचे कारण याहून साधे आहे: सरळ रेषा एकमेकींवर पडतात आणि मधल्या ठिकाणांवरून जातात, त्यामुळे एक रेषा कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे कळत नाही. बर्नहार्ड जेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही वाचकांना सरळ रेषांपेक्षा वक्र रेषा आणि दिशा दाखवण्यासाठी निमुळत्या रेषांपेक्षा बाण वाचणे सोपे गेल्याचे आढळले होते.

प्रवाह वाचता यावा म्हणून भूगोलाला थोडी मुरड घालण्याची ही रीत जुनीच आहे. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने युरोपातील कापसाच्या आयातीचे नकाशे काढले, तेव्हा जाड पट्टे मावावेत म्हणून जिब्राल्टरची सामुद्रधुनी प्रत्यक्षाहून रुंद दाखवली होती. १८५८ मध्ये अमेरिकेकडून येणारा जाडजूड पट्टा तेथील यादवी युद्धामुळे १८६४ मध्ये आक्रसला आणि भारताकडून येणारा पट्टा फुगला, हे त्या नकाशांत एका दृष्टिक्षेपात दिसते. किनारा अचूक ठेवण्याच्या हट्टापायी हे दिसले नसते, तर त्या अचूकतेचा उपयोग काय, असे आम्हाला वाटते.

दोन्ही दिशांचे बाण एकत्र करण्याची आपली सूचना आम्ही विचारात घेतली होती. दोन ठिकाणांमध्ये ५०० टन माल जातो आणि ४० टन परत येतो असे धरा. बेरीज केली तर ५४० टनांची एकच भक्कम रेषा दिसते आणि परतीच्या गाड्या जवळजवळ रिकाम्या येतात ही गोष्ट तिच्यात बुडून जाते. वजाबाकीने याहून मोठी फसगत होते: ५०० टन जाऊन ४८० टन परत येत असतील, तर २० टनांची रेषा उरते आणि सर्वांत घट्ट संबंध असलेली जोडी सर्वांत दुबळी भासते. काम देताना ‘परतीचा माल कोठे कमी पडतो ते पाहायचे आहे’ असे आपणच लिहिले होते, म्हणून बाण वेगळे ठेवले.

मोफत साधनांबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. फ्लोमॅप.ब्लू हे साधन खरोखरच उत्तम आहे आणि आम्हीही क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर रोज वापरतो. मात्र पडद्यावरील नकाशा मोठा करता येतो, रेषेवर बोट ठेवून आकडा पाहता येतो. आपण मागितलेल्या कागदी भित्तिपत्रकावर यांपैकी काहीच शक्य नसते, आणि कोणत्या रेषा ठेवायच्या, कोणती कमान कोणत्या बाजूला वळवायची हे आधीच ठरवावे लागते. आमचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

आपल्या अभिप्रायातील एका वाक्यावरून मात्र असे वाटते की, आपल्याला प्रत्येक शाखाप्रमुखाच्या हाती त्याच्या शाखेपुरते चित्र हवे आहे. एका मोठ्या नकाशातून ही गरज भागणार नाही. त्यासाठी प्रत्येक ठिकाणाचा स्वतंत्र छोटा नकाशा करावा, त्यात केवळ त्या ठिकाणाचे येणे-जाणे असावे आणि सर्वांवर जाडीचे प्रमाण एकच ठेवावे. किंवा नकाशाऐवजी ४० ओळी आणि ४० रकान्यांचा रंगछटांचा तक्ता करावा, ज्यात एकही जोडी गाळावी लागत नाही. सर्व रेषा काढलेली आवृत्तीही आम्ही पाठवू शकतो; तिच्यावर किमान मर्यादा लागू केलेली नाही एवढीच टीप असेल. यांपैकी काय हवे, आणि शाखाप्रमुख ते कागदावर पाहणार की पडद्यावर, एवढे आपण कळवावे.

आपला नम्र,
नकाशा विभागाचा मालक