उंबऱ्याबाहेर थांबणारा नायक आणि मुलींना ‘झाडायला’ नेणारा मेसेज

माझ्या वहिनीने तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन काढून घेतला आणि तिच्या उशाखाली लिंबू ठेवलं. भाची बारावीत आहे. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर वहिनीने मला एक मेसेज दाखवला. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भिशीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर, तिन्हीकडे तोच फिरतोय: ‘मुलींच्या आयांनो, वेळीच सावध व्हा.’

मेसेज लांबलचक आहे, मुद्दे चार. एक, पिशाच्च, लांडगा-माणूस, भूत असल्या नायकांच्या प्रेमकथा ही पाश्चात्त्यांची घाण, आपल्याकडे असलं काही नव्हतं. दोन, मुलींना निसर्गतःच हिंसक ‘अल्फा’ नर आवडतो, म्हणून त्यांना या कथांचा नाद लागतो. तीन, या कथा वाचणाऱ्या मुलींना साधासुधा मुलगा पसंत पडत नाही, लग्नं अडतात. आणि चार, अशा वाचनाने मुलींना ‘बाहेरची बाधा’ होते. त्याखाली लक्षणं, उपाय आणि एका भगताचा मोबाइल नंबर.

मी चौथा मुद्दा आधी घेते. बाकीचे तीन चुकीचे आहेत, हा घातक आहे.

लक्षणं काय दिलीत बघा. रात्री जागते, जेवणात लक्ष नाही, एकटीच हसते, काही विचारलं की वसकन अंगावर येते. अहो, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोष्ट वाचायची आणि सकाळी सातच्या क्लासला पळायचं, तर पोरगी चिडचिडी होणारच. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. आमच्या घरात त्याच्या निम्मी मिळत होती. रात्री ठरावीक वेळेनंतर फोन हॉलमध्ये ठेवायचा, एवढाच त्यावर उपाय, आणि तो आईने सांगितला तरी पुरतो.

‘झाडून आणा’ असं लिहिणं सोपं आहे. झाडणं म्हणजे काय, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती जणींनी पाहिलंय? आमच्या जुन्या वाड्यात एका सुनेला झाडताना मी लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलंय. खोलीत धूर कोंडलेला. एक माणूस तिचे केस धरून डोकं गरागरा फिरवत होता, मध्येच केरसुणीने पाठीत मारत होता आणि ‘तू कोण आहेस, बोल’ म्हणून ओरडत होता. ती शेवटी काहीतरी बोलली, कारण बोलल्याशिवाय तो थांबणार नव्हता. तिला फिट्स यायच्या. डॉक्टरची गोळी सुरू झाली ती फार उशिरा, आणि गोळीनेच फिट्स थांबल्या.

आता हे कायद्यानेही गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुजरात विधानसभेने तसाच कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारणं, साखळीने बांधणं, चटके देणं यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. ओळखीच्या कुठल्या घरात एखाद्या मुलीवर असलं काही चाललं असेल, तर १८१ वर गुजरातच्या अभयम महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणि या मुद्द्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट अशी. मेसेजचा दावा आहे की कथेतला धोकादायक पुरुष मुलींना नादी लावतो. मग त्यावर इलाज काय सुचवलाय? खऱ्याखुऱ्या, अनोळखी पुरुषाच्या ताब्यात तिला बंद खोलीत द्या. कागदावरच्या पिशाच्चाने आजवर कुणाचे केस ओढलेले नाहीत.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० पासून वाचनालयांची चळवळ गावोगाव नेली, तिथल्या मराठी घरांत मुलींनी वाचू नये म्हणून मेसेज फिरावेत, याचा मला मनापासून राग येतो.

मुली या कथांत वाचतात तरी काय? मी भाचीलाच विचारलं. ॲपवर क्रमशः चालणारी एक मराठी कथा तिने मला उघडून दिली. नायक तीनशे वर्षांचा, रक्तपिपासू, देखणा. पावसात तो नायिकेच्या दाराशी येतो आणि उंबऱ्यापाशी थांबतो. आत येऊ शकत नाही, कारण तिने अजून ‘ये’ म्हटलेलं नाही. ती दार उघडं ठेवून त्याच्याशी बोलते, भांडते, चहा पिते, पण ‘ये’ म्हणत नाही. असे भागामागून भाग जातात. तो तिथेच उभा.

हा नियम त्या लेखिकेने शोधलेला नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्येही तो आहे: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय पिशाच्च पहिल्यांदा आत पाऊल टाकू शकत नाही. तिथे तो भीतीसाठी होता. एकदा बोलावलं की संपलं. आजच्या प्रेमकथांनी त्याच नियमाचा अर्थ उलटा केला. भिंत फोडू शकेल इतकी ताकद असलेला कुणीतरी एका मुलीच्या शब्दासाठी खोळंबतो. ज्या मुलीच्या खोलीत येताना कुणी दार वाजवत नाही, जिचा फोन कुणीही उचलून चाळतो, तिला या दृश्याची ओढ का लागते, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मोह सुळ्यांचा नसतो. सुळे असूनही तो थांबतो, याचा असतो. म्हणून तर या कथांतले नायक माणसाचं रक्त सोडून जनावराच्या रक्तावर राहतात, पौर्णिमेच्या रात्री स्वतःला कोंडून घेतात. ताकद आवरणारा पुरुष बघायला मिळावा, ही इच्छा विकृत नाही.

वाचणाऱ्या बायकांनाच विचारण्याचं काम एका अमेरिकन अभ्यासिकेने फार पूर्वी केलंय. जॅनिस रॅडवे तिचं नाव, पुस्तक १९८४ चं. एका दुकानातून प्रेमकादंबऱ्या घेणाऱ्या चाळीसेक बायकांकडून तिने प्रश्नावली भरून घेतली आणि त्यांतल्या काहींशी सविस्तर बोलली. बहुतेक संसारी, मुलंबाळं असलेल्या. त्यांचं म्हणणं असं की वाचनाचा वेळ हा आपला एकटीचा. दिवसभर आपण सगळ्यांचं बघायचं, गोष्टीत मात्र कुणीतरी नायिकेकडे बघतो. आणि नायिकेवर बळजबरी करणारा, तिला मारणारा नायक त्यांना मुळीच नको होता. बाहेरून कठोर चालेल, पण आत माया हवी, आणि ती शेवटपर्यंत लपून राहता कामा नये. रॅडवेने या वाचनाची आरती ओवाळलेली नाही. घरात जे मिळत नाही ते पुस्तकात मिळालं की घर आहे तसंच राहतं, ही शंका तिने मांडली आहे, आणि ती मला रास्त वाटते. तिच्या वाचकांपुढे पिशाच्च-नायकांची आजची लाटही नव्हती. तरी बायका हिंसेसाठी हे वाचतात, या समजाला तिने वाचकांच्याच तोंडून उत्तर दिलं आहे, आणि मेसेजवाल्याने एकीलाही विचारलेलं दिसत नाही.

‘अल्फा’चं थोडक्यात. मारामारी करून कळपाचा म्होरक्या होणारा नर, ही कल्पना १९४७ च्या एका अभ्यासातून आली, तीही कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या. डेव्हिड मीच (Mech) या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यानेच १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून कुणी ‘अल्फा’ होत नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. कथांत ‘अल्फा’ शब्द येतो, मान्य. पण मुलींच्या ‘निसर्गा’बद्दल बोलताना लांडग्याचा दाखला देणाऱ्याने निदान लांडग्याची चौकशी करायला हवी होती.

आता ‘आपल्याकडे असलं नव्हतं’. पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. माणूस आणि अप्सरा, आणि ती त्याला सोडून निघालेली. महाभारतात नागकन्या उलूपी अर्जुनाला पाण्याखाली ओढून नेते. आणि नायकच भूत हवा असेल, तर राजस्थानी कथाकार विजयदान देथांची ‘दुविधा’ घ्या. लोककथेवर बेतलेली, मणी कौल यांनी १९७३ साली तिच्यावर चित्रपट केला. वरात परत निघालेली, नवरीला वाटेतली रानफळं हवीशी वाटतात, आणि नवरा हिशेबात बुडालेला. तो व्यापारासाठी पाच वर्षं निघून जातो. नवरीवर भाळलेलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, सगळ्यांना फसवतं, पण तिला फसवत नाही. मी कोण आहे हे तिला आधीच सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. उंबऱ्याबाहेर थांबणं ते हेच. मारवाडातल्या या कथेला पश्चिमेची घाण म्हणायची असेल, तर मला बोलायचंच नाही.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर द्यायला दमयंती पुरे आहे. स्वयंवरात तिच्यापुढे पाच नळ उभे राहतात. त्यातले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण, यम. ती हात जोडते तेव्हा त्यांची लक्षणं उघडी पडतात. घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि नळाच्या अंगावर घाम, धूळ, पायाशी सावली. दमयंती त्याच्या गळ्यात माळ घालते. रघुनाथ पंडितांनी हे आख्यान मराठीत आणलं, आपल्या आज्या-पणज्या ते ऐकत आल्या. अमर, देखण्या वरांच्या गोष्टी ऐकून त्यांची लग्नं अडली नाहीत. आज मुली नकार देतात त्याची कारणं त्या स्पष्ट सांगतात: शिक्षण, नोकरी, सासरी राहायचं की वेगळं, मुलगा नीट बोलतो का. त्यांत पिशाच्च कुठेच येत नाही.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागते. या प्रकारातली जगात सगळ्यात गाजलेली कादंबरी, स्टेफनी मायरची २००५ ची ‘ट्वायलाइट’, उंबऱ्याचा नियम टाकून देते. तिचा नायक रात्री नायिकेच्या नकळत खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. नायिकेला हे कळतं तेव्हा ती सुखावते. हे मला आवडत नाही आणि सतरा वर्षांच्या मुलीने ते प्रेम म्हणून गिळावं हेही आवडत नाही. ॲपवरच्या मराठी कथांतही असे नायक आहेत. बळजबरीने लग्न करणारे, फोन तपासणारे, ‘तू फक्त माझी’ म्हणून कोंडणारे. त्यातले निम्मे तर पिशाच्चही नाहीत, चांगले सूट घातलेले उद्योगपती आहेत. मेसेजवाल्याने यावर बोट ठेवलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

पण त्यावर बोलायचं तर मुलीच्या शेजारी बसून वाचावं लागतं. ‘ट्वायलाइट’मधलं ते प्रकरण मी भाचीबरोबर वाचलं. तिचं म्हणणं, आत्या, नायिकेला चालतंय ना, मग तुला काय? मी म्हटलं, तिला चाललं नसतं तर त्याने काय केलं असतं, ते लेखिकेने लिहिलेलं नाही. तो रोज आला तेव्हा ती झोपलेली होती, तिला विचारायला कुणी उठवलं नव्हतं. भाचीला हे पुरतं पटलेलं नाही. तो त्याच वेळी तिचं रक्षण करत होता, असं ती म्हणते. वाद अजून चालू आहे.