माझ्या नावावरचे क्रीडांगण

माझ्या वडिलांनी हौसेने घेतलेला प्लॉट शहराच्या विकास आराखड्यात आजूबाजूच्या प्लॉटांसह हिरव्या रंगाने रंगवलेला असून त्यावर 'क्रीडांगण' असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात तिथे बाभळी, गाजरगवत आणि शेजारच्या वस्तीतली एक म्हैस एवढाच संघ असतो, आणि त्यातही खेळाची आवड काय ती म्हशीलाच.

खुल्या जागेचा कर भरायची वेळ आली, की ही जागा निर्विवाद माझी असते. घराचा नकाशा घेऊन गेलो, की मात्र नगररचना विभागातले साहेब भाग नकाशावर पेन्सिल टेकवून "काका, ही तर जनतेची जागा" असे इतक्या मायेने सांगतात, की आपण जनतेत मोडत नाही याचे मलाच वाईट वाटते. मग नुकसानभरपाईचे विचारावे, तर संपादन व्हायचे असल्यामुळे जागा पुन्हा माझी!

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यातील कलम 127 मध्ये यावर उतारा आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षे झाली तरी जागा घेतली गेली नाही, तर मालकाने कागदपत्रे जोडून नोटीस द्यायची. मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे जागेवरचा 'क्रीडांगण' हा शिक्का आपोआप पुसला जातो. ही मुदत मुळात सहा महिन्यांचीच होती, म्हणजे 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण कायद्याने अक्षरशः पाळली होती. एवढी घाई बरी नव्हे असे पुढे वाटले असावे, कारण ती आधी 12 महिन्यांची आणि 2015 मध्ये 24 महिन्यांची झाली. म्हणीत मात्र अजून दुरुस्ती झालेली नाही. 'पावले' म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगून ठेवले, हे बरे झाले. नाहीतर आमची फाइल टेबलांवरून जेवढी चालली आहे, तेवढ्यात दोनदा पंढरपूर झाले असते.

जागेच्या बदल्यात टीडीआर घ्या, म्हणजे तिच्यावरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता येईल, असेही साहेबांनी सुचवले. "मग तुळशीवृंदावन कुठे ठेवायचे, त्या हक्कावर?" असे सौभाग्यवतींनी विचारल्यावर तो विषय संपला.

शेवटी नोटीस देऊन आवक शिक्का घेतला. थोड्याच दिवसांत पालिकेचे पाकीट आले, तेव्हा यंत्रणा हलली म्हणून मी पेढे आणायच्या बेतात होतो. आत आरोग्य विभागाची नोटीस निघाली: 'आपल्या मालकीच्या जागेतील' गाजरगवत सात दिवसांत काढावे, अन्यथा खर्च आपणाकडून वसूल करण्यात येईल.