लेनिनग्राडची सुरक्षा आणि तेरियोकीचे सरकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. १९३९ साली सोव्हिएत संघाने फिनलंडवर केलेल्या आक्रमणाचा हेतू मी माझ्या लेखात 'भूमीची हाव' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळला, असा आपला आक्षेप आहे. आपल्या मते स्टालिनला लेनिनग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) सुरक्षेपलीकडे काहीही नको होते. मागितलेल्या भूमीच्या दुप्पट भूमी तो द्यायला तयार होता आणि मार्च १९४० मध्ये फिन्निश सैन्य थकलेले असतानाही त्याने सगळा देश गिळला नाही, यावरून त्याचा हेतू मर्यादित होता हे सिद्ध होते, असे आपण म्हणता. आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जिथे आहे तिथे ते मान्य करूनच मी पुढे जातो.

लेनिनग्राडची चिंता बनावट नव्हती. फिनलंडचे आखात आणि लाडोगा सरोवर यांच्या मधल्या कारेलियन संयोगभूमीवरील सरहद्द त्या शहरापासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होती आणि त्या एका शहराची वस्ती तीस लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास अख्ख्या फिनलंडइतकी होती. १९१८ मध्ये जर्मन सैन्य फिनलंडमध्ये उतरले होते, तर १९१९ मध्ये ब्रिटिश टॉर्पेडो नौकांनी फिन्निश किनाऱ्यावरून निघून लेनिनग्राडजवळच्या क्रोनश्टाट या नाविक तळावर हल्ला केला होता. हे सारे वीस वर्षांपूर्वीच घडलेले असल्याने मॉस्कोतील माणसांच्या ते चांगलेच स्मरणात होते. फिनलंडचे मार्शल मानेरहाइम आणि वाटाघाटींसाठी मॉस्कोला गेलेले पासिकिवी हे दोघेही काही सवलती द्याव्यात अशाच मताचे होते. माझ्या लेखात याचा उल्लेख नव्हता. तो असायला हवा होता.

भूमीच्या अदलाबदलीचे चित्र मात्र आपण रंगवले आहे तितके सरळ नाही. सोव्हिएत संघाने सुमारे २,७०० चौरस किलोमीटर मागून पूर्व कारेलियातील सुमारे ५,५०० चौरस किलोमीटर देऊ केले, हे आकडे खरे आहेत. परंतु जे मागितले जात होते त्यात संयोगभूमीचा मोठा भाग, फिनलंडच्या आखातातील बेटे आणि हांको येथे तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने लष्करी तळ यांचा समावेश होता, शिवाय संयोगभूमीवरील फिन्निश तटबंदी पाडून टाकण्याची अटही होती. बदल्यात मिळणार होती ती विरळ वस्तीची जंगले. ही बोलणी चालू असताना चेकोस्लोव्हाकियाचे उदाहरण ताजे होते. त्या देशाने ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मनीसाठी सुडेटेनलंड हा सरहद्दीवरचा प्रदेश आणि त्यासोबत आपली डोंगरातली तटबंदी सोडून दिली आणि सहा महिन्यांच्या आत, मार्च १९३९ मध्ये, प्रागमध्ये जर्मन सैन्य शिरले. सरहद्दीवरची तटबंदी देऊन टाकल्यावर पुढची मागणी नाकारायची कशाच्या बळावर, हा प्रश्न हेलसिंकीतील मंत्र्यांपुढे होता, आणि त्याला केवळ हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता आपल्या प्रतिक्रियेत जिचा उल्लेखच नाही अशा घटनेकडे वळतो, कारण माझे मत मुख्यतः तिच्यावर उभे आहे. २६ नोव्हेंबर १९३९ रोजी माइनिला या सरहद्दीवरील गावात तोफगोळे पडले. ते फिन्निश तोफांनी डागल्याचा आरोप मॉस्कोने केला. वास्तविक फिन्निश तोफा तेथवर मारा करू शकणार नाहीत इतक्या मागे घेतलेल्या होत्या. दोन दिवसांनी सोव्हिएत संघाने १९३२ चा अनाक्रमण करार मोडीत काढला आणि ३० नोव्हेंबरला हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबरला, सरहद्दीजवळच्या तेरियोकी या फिन्निश गावात 'फिन्निश लोकशाही प्रजासत्ताका'चे सरकार स्थापन झाल्याची घोषणा झाली. त्याचे प्रमुख होते ओट्टो कूसिनेन, जे १९१८ च्या यादवीतील पराभवानंतर देश सोडून गेले होते आणि त्यानंतर मॉस्कोत कॉमिंटर्न या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे पदाधिकारी म्हणून वावरले होते. २ डिसेंबरला मॉस्कोने त्यांच्याशी करार केला. त्या सरकारच्या सैन्याची जुळवाजुळव तर माइनिलाच्या आधीच सुरू झाली होती.

या कराराचे आकडे पाहावेत अशी माझी आपल्याला विनंती आहे. कूसिनेन सरकारकडून संयोगभूमीवरील सुमारे ४,००० चौरस किलोमीटर घेऊन सोव्हिएत संघ त्याला तब्बल ७०,००० चौरस किलोमीटर देणार होता. ज्यांच्याशी महिनाभर बोलणी चालली त्या स्वतंत्र फिनलंडला दुपटीचा भाव आणि मॉस्कोतच घडलेल्या सरकारला सतरा-अठरा पटींचा! एवढी उदारता तेव्हाच शक्य असते, जेव्हा दिलेली भूमी आपल्या मुठीबाहेर जाणार नाही याची देणाऱ्याला खात्री असते. तीस-चाळीस किलोमीटरचे सुरक्षित अंतर एवढेच हवे असते, तर हेलसिंकीतील सरकारशी संबंध तोडून पर्यायी सरकार उभे करण्याची गरजच नव्हती. पुढे राष्ट्रसंघात प्रश्न आला तेव्हा आपले फिनलंडशी युद्धच चाललेले नाही, आपण तेथील लोकशाही प्रजासत्ताकाशी मैत्रीने वागत आहोत, असे सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी कळवले. राष्ट्रसंघाने १४ डिसेंबरला सोव्हिएत संघाला काढून टाकले.

मार्च १९४० चा आपला मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याकडे जास्त काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. युद्ध जसे संपले त्यावरून ते कशासाठी सुरू झाले हे ठरवताना आपण मधले साडेतीन महिने वगळता. या काळात सव्वा लाखाच्या आसपास सोव्हिएत सैनिक मारले गेले, फिन्निश कामगार कूसिनेन यांच्या स्वागताला बाहेर पडतील ही अपेक्षा पूर्णपणे फोल ठरली, आणि ब्रिटन व फ्रान्स फिनलंडच्या मदतीला सैन्य पाठवण्याच्या योजना आखू लागले. जानेवारीच्या अखेरीस स्टॉकहोममार्गे मॉस्कोने कळवले की हेलसिंकीतील पंतप्रधान रिती यांच्या सरकारशी बोलणी करण्यास हरकत नाही. तेरियोकीचे सरकार त्यानंतर निरुपयोगी झाले आणि तहानंतर गुंडाळले गेले. मार्चमध्ये हेतू मर्यादित झाला होता हे मी मान्य करतो. पण त्याला मर्यादा घातली ती फिन्निश प्रतिकाराने आणि बदललेल्या परिस्थितीने. नोव्हेंबरातल्या हेतूचा पुरावा नोव्हेंबरातच शोधावा लागेल.

शिवाय १२ मार्च १९४० च्या तहाने लेनिनग्राडसाठी मागितले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक मिळाले होते: व्हीपुरी शहरासह सगळी संयोगभूमी, लाडोगा सरोवराचा सारा किनारा आणि हांकोचा तळ. सुरक्षा हाच एकमेव हेतू असता तर प्रश्न तिथे मिटायला हवा होता. तरीही नोव्हेंबर १९४० मध्ये बर्लिनला गेलेल्या मोलोतोव्ह यांनी हिटलरपुढे फिनलंडचा विषय पुन्हा काढला आणि बेसारबियात झाली तशी 'सोडवणूक' तिथेही करण्यास मोकळीक मागितली. बेसारबिया हा रोमानियाचा प्रदेश तोवर सोव्हिएत संघात सामील झालेला होता. जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातील ऑगस्ट १९३९ च्या कराराच्या गुप्त कलमांत फिनलंडच्या जोडीने ज्या प्रदेशांची नावे होती, ते एस्टोनिया, लाटविया आणि पूर्व पोलंडही तोवर सामील झालेले होते. एस्टोनिया आणि लाटवियाने तर १९३९ च्या शरद ऋतूत, फिनलंडने नाकारले तसे तळ निमूटपणे दिले होते.

फिनलंड १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, म्हणजे स्टालिनची भीती खरी ठरली, असेही आपण सुचवले आहे. फिनलंडने तेव्हा जुन्या सरहद्दीपलीकडचा पूर्व कारेलिया व्यापला, ही गोष्ट मी झाकणार नाही. परंतु चार लाखांहून अधिक लोक, म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा आठवा-नववा हिस्सा, आपली गावे सोडून आल्यानंतरचा तो फिनलंड होता. १९४१ च्या फिनलंडवरून १९३९ च्या फिनलंडची परीक्षा करताना मधले आक्रमण हिशेबातून गळते.

मी पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून पाहतो, असे आपण शेवटी लिहिले आहे. १९९४ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनीही या युद्धाला आक्रमण म्हटले होते, एवढेच त्यावर सांगतो. 'भूमीची हाव' हे शब्द मात्र मी मूळ लेखातून काढले आहेत. तिथे आता असे वाक्य आहे: लेनिनग्राडची चिंता खरी होती, आणि ती दूर करण्यासाठी निवडलेला मार्ग म्हणजे शेजारच्या देशाचे सरकारच बदलणे हा होता.