डोंगरात एकटीने जाण्याबद्दल, कराडच्या काकांना उत्तर

काका,

तुम्ही स्वतःचं वय ६८ लिहिलंय, म्हणून काका म्हणते. सायकलने एकटीने कासला गेल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं: बाईमाणसाने एकटीने रानात जाण्याचं कौतुक लिहू नये. काही झालंच तर रात्री दोर घेऊन दरीत उतरणाऱ्या पोरांचा जीव टांगणीला लागतो. आणि डोंगर ही चार जणांनी मिळून बघायची गोष्ट आहे. शेवटी एक ओळ आहे, की तो लेख वाचल्यापासून त्यांची मुलगी पहाटे एकटीच सदाशिवगडावर पळायला जाते.

ती ओळ वाचून माझी झोप उडाली. म्हणून आधी माझी चूक.

त्या लेखात मी धुकं लिहिलं, ओल्या मातीचा वास लिहिला, पण निघण्याआधी काय करते ते लिहिलंच नाही. ते असं. आदल्या रात्री फ्रिजवर चिठ्ठी लावते: कुठून जाणार, कुठून परतणार, किती वाजेपर्यंत घरी. त्या वेळेपुढे एक तास गेला आणि फोन नाही, तर भाऊ कुणाला फोन करेल तेही त्यावरच लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालतं, पण कासकडे रेंज गेली की त्याचा उपयोग संपतो. कागदाला रेंज लागत नाही. गळ्यात शिट्टी असते. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र पडल्या जागेवरून वाजवता येते. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ही मदतीची खूण आहे. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि भावाचा नंबर. हे सगळं त्या लेखात हवं होतं. तुमच्या मुलीपर्यंत अर्धीच गोष्ट पोचली, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

दोर घेऊन उतरणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं. ती पदरमोड करून, दुसऱ्या दिवशीची नोकरी सांभाळून येतात. त्यांना बोलवायची वेळ येऊ नये ही जबाबदारी आधी जाणाऱ्याची.

पण चार जण असले की धोका टळतो, हे मला पटत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहा जण जरंडेश्वरला गेलो होतो. दुपारी तीनलाच वळवाचे ढग भरून आले. प्रत्येकाने वर बघितलं, आणि प्रत्येक जण गप्प राहिला. 'चला, परत फिरू' म्हणून सगळ्यांचा विरस कोण करणार? माथ्याजवळ असतानाच वीज कडाडली. धावत खाली उतरताना आमच्यातल्या एकीचा पाय असा मुरगळला, की तिला महिनाभर चालता आलं नाही. सहाही जणांना कळत होतं, आणि सहांतलं एकही माणूस बोललं नाही. मीसुद्धा नाही.

आता याच जुलैतलं सांगते. सातारा ते कास साधारण २५ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून मी पेट्रीच्या पुढे गेले आणि धुकं असं उतरलं, की पुढचं चाक दिसत होतं, त्यापुढचा रस्ता नाही. माझ्या सायकलला रिमवर घासणारे रबरी ब्रेक आहेत. रिम ओली झाली की ते उशिरा पकडतात. सायकल उभी केली, ब्रेक दाबून बघितला, चाक आणखी हातभर सरकलं. बास. तिथूनच फिरले. उतरताना प्रत्येक वळणाच्या बरंच आधीपासून ब्रेक हलके दाबत आले, म्हणजे रबर रिमवरचं पाणी पुसून घेतं आणि वळणावर पकड मिळते. बोगद्याशी आले तेव्हा बोटं आखडली होती. कास राहिलं, पण मला कुणालाच समजवावं लागलं नाही. एकटं असलं की परत फिरायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या मते एकट्याच्या भटकंतीतली सगळ्यात मोठी सुरक्षितता हीच आहे.

याला मर्यादा आहेत, आणि त्या मी पाळते. वासोट्याला मी एकटी गेलेले नाही, जाणारही नाही. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची, पुढे कोयनेचं अभयारण्य आणि त्यात अस्वलं. तिथे सोबतच हवी. कासच्या रस्त्याला पुरतं उजाडल्याशिवाय निघत नाही, कारण गवा अंधारात दिसतच नाही. अनोळखी वाट एकटीने कधीच नाही. आधी कुणाबरोबर तरी दोनदा तुडवलेलीच.

आता बाईमाणसाचं. काका, रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर मी एकटी चढते. एकटी म्हणजे कशी? वाटेत निदान वीस जण 'राम राम' करतात. मंगळाईच्या देवळात भेटणाऱ्या एक आजी मी दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी कारण विचारतात. माझ्यावर कुणाचं लक्ष नाही असं नाही. फक्त माझ्या चालीने कुणी चालत नाही, आणि मला कुणाच्या चालीने चालावं लागत नाही. चढावर दम लागला की थांबते. श्वास जागेवर येईपर्यंत सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर सगळ्यांवर एकदा नजर फिरते. गप्पांच्या नादात वर पोचायचे तेव्हा कातळावरचं शेवाळं कोणत्या बाजूला हिरवं आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. आता दिसतं, आणि पाय तिथे पडत नाही. घर, नोकरी, आईचं आजारपण, या सगळ्यांत दिवसाचा हा एक तास असा आहे की ज्यात मला कुणी हाक मारत नाही. तो मला फार फार हवा असतो.

तुमच्या मुलीला थांबवू नका, एवढी विनंती. पहाटेऐवजी उजाडल्यावर जा म्हणा. सदाशिवगडाला रोज चढणारी पुष्कळ माणसं आहेत, त्यांच्या वेळेलाच तिनेही जावं. उतारावर ढांगा टाकू नकोस, पावलं छोटी ठेव, हेही सांगा. पळताना गुडघे आणि घोटे जातात ते उतरतानाच. आणि चिठ्ठी तिने तुमच्याच हातात द्यावी.

माझ्या चिठ्ठीचा नमुना जुन्या लेखात सगळ्यात वर, धुक्याच्याही आधी, आज रात्री टाकते आहे. त्यात काही राहिलंय असं वाटलं तर जरूर लिहा.