‘सात दिवसांत विंग चुन’: मुलींना चाकूसमोर उभे करणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

विंग चुन ही दक्षिण चीनमधली, जवळून लढण्याची युद्धकला. ‘मुलींनो, सात दिवसांत विंग चुन शिका’ या मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि ‘मामा, हे खरंच जमतं का?’ असे तिने विचारले, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला भाग पडले. संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत: हल्लेखोराने चाकू काढल्यास ‘पाक साओ’ने त्याचा हात उडवून साखळी ठोसे, म्हणजे लागोपाठ सरळ ठोसे, मारावेत; ‘ची साओ’च्या, म्हणजे दोघांनी हात एकमेकांना लावून करायच्या, सरावामुळे डोळे बांधलेले असतानाही हल्ला आधीच कळतो; एका इंचावरून मारलेल्या ठोशात आंतरिक ऊर्जा असते; एका स्त्रीने निर्माण केल्यामुळे या कलेला ताकद लागत नाही; आणि भारतातून चीनला गेलेले बौद्ध भिक्षू बोधिधर्म यांच्यामुळे तिचे मूळ भारतातच आहे.

चाकूविषयीचा सल्ला जीवघेणा आहे, म्हणून तो आधी घेतो. पाक साओ म्हणजे समोरून शरीराच्या मध्यरेषेवर येणारा सरळ ठोसा तळहाताच्या थापेने बाजूला सारणे. ठोशामागे अंगाचा जोर असेल तरच तो लागतो, आणि तो जोर बाजूला वळवला की त्याच क्षणी मारणाऱ्याचा तोल आणि त्याची मध्यरेषा उघडी पडते. पाक साओचा सारा उपयोग या एका गोष्टीवर उभा आहे. चाकूला असा जोर लागत नाही. चाकू धरलेला हात मागे ओढला जातानाही कापतो, लगेच दुसऱ्या कोनातून परत येतो, आणि खऱ्या हल्ल्यात तो एकदाच येऊन थांबत नाही. थाप मारणारा तळहात त्या वेळी पात्याच्याच वाटेत असतो. साखळी ठोसे मारायचे तर आणखी जवळ जावे लागते, म्हणजे ज्या अंतरापासून जीव वाचवायचा त्याच अंतरात शिरावे लागते. विंग चुनमध्येही शस्त्रे आहेत, परंतु ‘बात जाम दो’ हा जोडसुऱ्यांचा प्रकार परंपरेने सर्वांत शेवटी शिकवला जातो आणि ब्रूस ली यांचे गुरू इप मान यांनी तो फार थोड्या शिष्यांना दिला. ज्या परंपरेने पात्याचा विषय इतका मागे ठेवला, तिच्या नावावर पहिल्याच आठवड्यात मुलींना रिकाम्या हाताने चाकूला भिडायला सांगणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. चाकू दिसला की पर्स टाकावी, मध्ये खुर्ची, दप्तर, गाडी जे असेल ते ठेवावे, ओरडावे, पळावे आणि ११२ वर फोन करावा.

डोळे बांधून केलेल्या ची साओचे दृश्य पाहणाऱ्याला भारून टाकते, आणि असा सराव खरोखर केला जातो, हे मान्य. मात्र त्यात दोघांचे हात आधीपासून एकमेकांना लागलेले असतात. ‘दान ची साओ’ या एकहाती सरावात एक जण तान साओमधून (तळहात वर केलेला हात) तळहाताचा प्रहार करतो, दुसरा फूक साओमधून (समोरच्याच्या हातावर टेकवलेला हात) तो खाली दाबून ठोसा मारतो, आणि पहिला कोपर उचलून बोंग साओने तो वळवतो. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवत राहायचे. दाब कमी झाला की पुढे जायचे, वाढला की वाट द्यायची, ही सवय त्यातून हातांना लागते. दोघांचेही दोन्ही हात फिरू लागतात तो ‘पून साओ’ त्यानंतर येतो. स्पर्शातून मिळणारी ही जाणीव अमूल्य आहे, पण स्पर्श होण्याआधी ती काहीही सांगू शकत नाही, आणि मागून येणाऱ्या माणसाची चाहूल तर मुळीच देत नाही.

एका इंचाच्या ठोशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ब्रूस ली यांनी १९६४ साली लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत तो दाखवला आणि समोरचा माणूस मागच्या खुर्चीत जाऊन पडला. परंतु त्यामागे गूढ ऊर्जा नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ साली १२ कराटे ब्लॅकबेल्टधारक आणि तितकेच तंदुरुस्त १२ सामान्य लोक यांचे अवघ्या ५ सेंटिमीटर अंतरावरचे ठोसे मोजले. कराटेपटूंचे ठोसे अधिक जोरदार होते, आणि तो जोर मनगट व खांदा यांच्या हालचाली किती अचूक एकत्र येतात यावर अवलंबून होता. त्यांच्या लहान मेंदूतील रचनेतही फरक दिसला, आणि त्या फरकाचा संबंध सरावाच्या वर्षांशी होता. अभ्यास कराटेचा असला तरी कमी अंतरावरच्या ठोशाचे गणित तेच आहे: मूठ एक इंच चालते, पण जोर पायांपासून निघतो. ‘सात दिवसां’चा दावाही याच अभ्यासापुढे कोसळतो. सात दिवसांत ‘सिउ निम ताउ’ या पहिल्या फॉर्मचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिकेचा, क्रम पाठ होईल. त्यातला तान साओ आणि फूक साओचा अतिसंथ भाग, ज्यात कोपर आत ठेवूनही खांदा सैल राहावा लागतो, तो अंगी मुरायला वर्षे लागतात.

बोधिधर्मांचा दावा दोन ओळींत संपतो. त्यांच्या नावावर खपवला जाणारा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे, आणि विंग चुनची परंपरा भक्कमपणे मागे नेता येते ती एकोणिसाव्या शतकात फोशान येथे वैद्यकी करणाऱ्या लेउंग जान यांच्यापर्यंत.

ही कला स्त्रीने निर्माण केल्याची, म्हणजे भिक्षुणी एंग मुई आणि तिची शिष्या यिम विंग चुन यांची, कथाही आख्यायिकाच आहे, परंतु ताकदीला ताकद भिडवायची नाही हे त्या कथेतले तत्त्व कलेत खरोखर आहे. तरीही त्यातून ‘ताकद लागत नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. गुडघे आत वळवून तासन्‌तास धरायची उभी राहणी, ‘मुक यान जोंग’ या लाकडी पुतळ्यावर हातांचे कोन पक्के करणे आणि लांब जड काठी दोन्ही हातांनी आडवी पेलणे, हे सगळे पाय, पाठ आणि मनगटे बळकट करण्यासाठीच केले जाते. दोघांचे कौशल्य सारखे असेल तर वजनदार माणूस जिंकण्याची शक्यता जास्त असते, आणि हे मुलींना शिकवण्याआधीच स्पष्ट सांगायला हवे.